खोबऱ्याच्या वासाचं बेट

आमच्या स्वोर्ड्स गावाहून विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एप्रिल सरता सरता पिवळी झुडपं फुलतात. इथे त्यांना गॉर्स म्हणतात. काटेरी, ओबडधोबड, एरवी वर्षभर कुणी ढुंकूनही पाहणार नाही अशी ती झुडपं. पण फुलली आणि त्यांच्यावर ऊन पडलं, की त्यांना चक्क ओल्या नारळाचा वास येतो. माझी आई आयर्लंडला आली तेव्हा विमानतळावरून घरी येताना तिने गाडीची काच खाली केली आणि विचारलं, "इथे कोण नारळ खवतंय रे?" आम्ही सगळे हसलो होतो. आता त्या वासाने मला हसू येत नाही. काच बंद करून मी गाडी जरा जोरात पुढे काढतो.

आज सकाळी तो वास आला. म्हणजे मे आला. म्हणजे धक्क्यावरून बेटाकडे जाणाऱ्या होड्या सुरू झाल्या असणार.

बेटाचं नाव मी लिहीत नाही. आयर्लंडच्या किनाऱ्याला अशी लहान लहान बेटं बरीच आहेत, त्यांतलं ते एक. माणसांची वस्ती नाही, होती ती दोन घरं केव्हाच पडून गेली. आता तिथे फक्त पक्षी राहतात, आणि ते राहावेत म्हणून बेट राखीव केलेलं आहे. दिवसाला दोनच होड्या, मोजकी माणसं, दोरीने आखलेली एकच पायवाट. नाव न लिहिण्याचं कारण विचाराल तर बाकी काही नाही, मला लाज वाटते.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि आई पहिल्यांदाच आमच्याकडे तीन महिने राहायला आली होती. आई गुहागरकडची. अंगणातून समुद्र ऐकू येतो अशा घरात तिचा जन्म गेला. इथे आल्यावर चार दिवस ती खिडकीपाशी बसून समोरची एकसारखी घरं बघत होती. पाचव्या दिवशी तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. इथले लोक कपाटाला प्रेस म्हणतात, ते ऐकून ती म्हणाली की नाव काही का असेना, त्यात माझे डबे मावत नाहीत. म्हणून तांदळाचं पोतं, डाळी आणि तिची मोठी कापडी पिशवी यांची रवानगी मागच्या अंगणातल्या लाकडी शेडमध्ये झाली. पिशवीत तिने गोधडीचा एक जुना तुकडा घडी करून ठेवला होता, कुठे बाहेर गेलं तर बसायला. पिशवी तांदळाच्या पोत्यावरच असायची. ही शेड नीट ध्यानात असू द्या.

बेटावर जायचं ठरलं ते माझ्या मुलीमुळे. सई तेव्हा आठ वर्षांची होती आणि पफिन नावाच्या पक्ष्याने तिला पुरतं वेड लावलं होतं. काळी पाठ, पांढरं पोट, आणि शाळेच्या रंगपेटीतले सगळे रंग एकदम वापरावेत तशी चोच. घराच्या फ्रिजवर, दारावर, माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर तिने काढलेले पफिनच पफिन. माझी बायको मेधा हिला त्या शनिवारी ड्यूटी होती, म्हणून आम्ही तिघंच निघालो, आई, सई आणि मी. पहाटे उठून आईने दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, डबा भरला. आणि शेडमधून पिशवी आणून गोधडीच्या त्या घडीवर सगळं रचलं. त्यात एक शेंडी ठेवून सोललेला नारळही होता. तो कशाला, म्हणून मी विचारलं. आई म्हणाली, "अनोळखी पाण्यावर चाललो आहोत. कुणाकडे कधी रिकाम्या हाताने गेल्ये का मी?"

माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं माझं वागणं कुणाला नुसता विसरभोळेपणा वाटेल. मी औषधांच्या कारखान्यात आहे. ज्या खोलीत इंजेक्शनच्या बाटल्या भरतात तिथे जाताना तीन वेळा कपडे बदलावे लागतात. बाहेरचा एक कण आत गेला नाही हे तपासणं आणि तशी सही करणं, हेच माझं काम. ठरल्यापेक्षा काही वेगळं घडलं, तर चोवीस तासांत लिहून कळवायचं. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो की चूक केलीत तर चालेल, लपवलीत तर चालणार नाही. हे मी फार रुबाबात सांगतो. म्हणजे सांगत असे.

धक्क्यावर बेटाचा राखणदार उभा होता. इमॉन त्याचं नाव. साठीचा, वाऱ्याने भाजलेल्या चेहऱ्याचा, आणि प्रत्येक गोष्टीला "ग्रँड", म्हणजे ठीक आहे, म्हणणारा. उशीर झाला, ग्रँड. पाऊस येईल, ग्रँड. पण होडीत बसायच्या आधी तो गंभीर झाला. बेटावर उंदीर नाहीत, म्हणाला. कधीच नव्हते, म्हणून तर पफिन तिथे जमिनीत बिळं करून अंडी घालतात. एखादा जरी माणसांच्या सामानातून गेला तर काही वर्षांत बेट रिकामं होईल. तेव्हा प्रत्येकाने आपापली बॅग इथे, या फळीवर, पूर्ण रिकामी करून बघायची. लोक निमूटपणे बॅगा उपसू लागले. माझ्यापुढच्या बाईंनी तर लिपस्टिकचं टोपणही उघडून दाखवलं.

आई माझ्या कानाशी पुटपुटली की ह्या माणसांसमोर मी नारळ काढून ठेवू होय, काय म्हणतील. मलाही तेच वाटलं. डोळ्यांसमोर आलं, नारळ फळीवर, शेंडीसकट. मग मी समजावून सांगणार की आमच्यात समुद्राला असं देतात. बाकीचे कौतुकाने माना डोलावणार, आणि राखीव बेटापाशी पाण्यात काहीही टाकता येणार नाही असं इमॉन मला सभ्यपणे सांगणार. आईसमोर. मला ते नको होतं. आमची पाळी आली आणि इमॉनने विचारलं, "तुमची बॅग तपासली?"

"हो," मी म्हणालो. "घरीच. सगळी."

"ग्रँड," तो म्हणाला.

इतकंच. दोनच अक्षरं त्या शब्दात.

होडी निघाली तेव्हा ऊन होतं. अर्ध्या वाटेवर होडीवाल्याची पाठ आहे असं बघून आईने नारळ दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले आणि पाण्यात सोडला. तो बुडाला, वर आला, आणि आमच्या मागे मागे येत राहिला. सई खिदळत होती. मी पुढे बघत होतो, कारण समोर बेट मोठं होत चाललं होतं आणि त्याच्यावरून एक आवाज येत होता, हजारो गळ्यांतून निघणारा, न थांबणारा. जवळ गेल्यावर वासही आला. मासळी, विष्ठा, मीठ आणि कुजकं गवत. आणि त्या सगळ्यावर, उंच कड्यावरच्या पिवळ्या झुडपांमधून, ओला नारळ.

आई चपापली. "समुद्राने लगेच पावती दिलीन वाटतं," असं काहीतरी ती म्हणाली, पण तिच्या आवाजात गंमत नव्हती.

त्या बेटावर चालणं मला आजही पावलापावलानं आठवतं. पायवाट कड्याच्या कडेकडेने बेटाला वळसा घालते. दोन्ही बाजूंना गवतात बिळं, इतकी की जमीन पोकळ वाजते. दोरीच्या पलीकडे पाय टाकला तर खालचं घर कोसळेल, असं इमॉनने बजावलं होतं, म्हणून आई देवळात चालावं तशी जपून चालत होती. बिळांच्या तोंडाशी पफिन उभे होते, माणसांना न भिता, शेजारच्या काकांसारखे हात मागे बांधून. सईने आजीचा हात धरला होता आणि ती बोलत नव्हती. माझी मुलगी गप्प राहिली असे प्रसंग मी बोटांवर मोजू शकतो.

पण मला तिथे पहिल्यापासून बरं वाटत नव्हतं. कड्याखाली खडकांवर सील पडले होते आणि माणूस विव्हळावा तसे रडत होते. एका पडक्या घराच्या चौथऱ्यावर पफिनचे नुसते पंख पडले होते, दोन्ही बाजूंचे, मधलं सगळं आतून सोलून काढलेलं. सईने विचारलं, हे कुणी केलं? वर, भिंतीच्या टोकावर, काळ्या पाठीचा एक थोरला समुद्रपक्षी बसला होता. त्याच्या चोचीच्या टोकाला लाल ठिपका होता. तो निसर्गाचाच आहे, त्याला मुभा आहे, असं मी तिला सांगितलं. हे वाक्य मी नंतर फार वेळा आठवलं आहे.

बेटाच्या पार पलीकडच्या टोकाला, दगडांच्या एका ढिगापाशी, आम्ही जेवायला थांबलो. आईने डबा बाजूला काढला. मग पिशवीतून गोधडीची घडी ओढून काढली आणि झटकली.

आधी कापसाचे बारीक बारीक तुकडे उडाले. मग आतून एक उंदरीण खाली पडली. तपकिरी, अंगठ्याएवढी, पोट मात्र फुगलेलं. क्षणभर ती गवतावर नुसती बसून राहिली. ऊन, वारा, तो हजारो गळ्यांचा आवाज, हे सगळं तिलाही नवीन असणार. मी पायातला बूट काढला. हात वर केला. ती एका हाताच्या अंतरावर होती, माझा नेम चुकला नसता.

सईने माझा दंड धरला. "बाबा, डोन्ट. शी'ज ओन्ली टायनी."

मी थांबलो. एक क्षण, फार तर दोन. तेवढ्यात ती दोरीच्या खालून गेली, आणि सगळ्यांत जवळच्या बिळात शिरली. बिळाच्या तोंडाशी उभा असलेला पफिन मान तिरकी करून आत बघत राहिला.

आम्ही जेवलो. हेही सांगायलाच हवं, की आम्ही नंतर तिथे बसून दशम्या खाल्ल्या. आई म्हणाली, मेलं कुठून आलं. मी म्हणालो, जाऊ दे. बोलता बोलता समुद्रावरून धुकं आलं आणि पायवाटेचे खांब एकेक करून दिसेनासे झाले. परत बेटावरच्या धक्क्यापाशी पोचलो तेव्हा खडकांच्या कपारीत पाणी आत-बाहेर करत होतं आणि तिथे आईचा नारळ लागला होता. शेंडी भिजून चिकटलेली. होडीची वाट बघत आम्ही पाऊण तास त्याच्याशेजारी उभे होतो. आईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पदर खांद्यावरून घट्ट लपेटून घेतला. घेतलं नाही, असं ती घरी आल्यावर म्हणाली. समुद्राने घेतलं नाही.

परतीच्या होडीत इमॉन होता. कसं वाटलं बेट, म्हणून त्याने सईला विचारलं. सईने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं. "ग्रँड," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं की आपण त्याला सांगायचं का. मी म्हणालो, एवढंसं पिल्लू ते, रात्रीच्या थंडीनेच मरेल. तिने मान हलवली. मुलांना आपण काय शिकवतो हे आपल्याला त्या वेळी कळत नाही, असं म्हणून मी स्वतःची सुटका करून घेऊ शकलो असतो. पण मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आईने गोधडी धुवायला घेतली आणि मला हाक मारली. गोधडीच्या एका कोपऱ्यात आतला कापूस उपसून, कुरतडून, मऊ करून एक वाटी केलेली होती. इतकी गोल आणि नीट की हाताने केली असती तरी जमली नसती. आईने त्यात बोट फिरवलं. तिने तीन बाळंतपणं केली आहेत, गोठ्यातल्या गायींची तर किती तरी.

"गाभण होती रे," ती म्हणाली. "सगळी तयारी केलीन होती."

बेटाची माहिती देणारं पत्रक फ्रिजवर लावलेलं होतं, सईच्या पफिनांच्या मधोमध. त्यात एका ओळीखाली रेघ होती, की पिल्लं पोटात असलेली एकच मादी पुरे. मी ते पत्रक काढून कागदांच्या डब्यात टाकलं. तेव्हा चोवीस तास अजून संपले नव्हते. फोन उचलून पाच वाक्यं बोलायची होती. इमॉन त्याच दिवशी बेटावर गेला असता, त्या ढिगापाशी सापळे लावले असते. मी फोन केला नाही. आधी वाटलं सोमवारी करू. सोमवारी वाटलं, आता सांगितलं तर विचारतील की कालच का नाही सांगितलं. पुढे पुढे रोज एक दिवस वाढत गेला आणि सांगणं रोज थोडं अवघड होत गेलं.

त्यानंतरचे महिने मी मनातल्या मनात तिला मारत होतो. थंडीने मारली. त्या काळ्या पाठीच्या पक्ष्याकडून मारली. एका रात्री मोठं वादळ आलं, सगळे छपराची काळजी करत होते आणि मी बिछान्यात पडल्या पडल्या बरं वाटून घेत होतो, की बिळांत पाणी शिरलं असेल. मग आठवलं, बिळांत बाकीचेही राहतात.

गेल्या वर्षी गॉर्स फुलला तेव्हा बेटाचं पत्रक मेलवर आलं. पहिल्या भेटीत पत्ता घेतात आणि मग दर मोसमात पाठवतात. सगळं ठीक होतं. बेटावरच्या धक्क्याच्या आसपास चॉकलेटच्या वासाच्या मेणाचे ठोकळे ठेवतात, उंदीर असला तर तो दात लावतो आणि खुणा उमटतात. एकाही ठोकळ्यावर खूण नाही, असं लिहिलं होतं. मी त्या दिवशी घरी शिरा केला. मेधाने विचारलं, काय विशेष? मी म्हणालो, सहज. सईने शिरा खाल्ला नाही.

ठोकळे धक्क्याच्या आसपास ठेवतात, कारण जे येतं ते धक्क्यावरून येतं. पलीकडच्या टोकाला कुणी कशाला ठेवेल? हा विचार मला त्या शिऱ्याच्या दिवशीही आला होता. मी तो पुरा होऊ दिला नाही.

आज सकाळी गॉर्सचा वास आला आणि दुपारी पत्रक आलं. या वेळी बेट बंद आहे, पुढील सूचनेपर्यंत. खाली एक फोटो होता. पिवळ्या मेणाचा ठोकळा, त्याच्या कडेला बारीक, जोडीजोडीने उमटलेले दात. धक्क्यापर्यंत आले होते ते. कुठून आले, कधी आले, बेटावर कुठपर्यंत पसरले आहेत, काहीच कळत नाही, असं इमॉनने लिहिलं होतं. कुणाला काही आठवत असेल तर कृपा करून कळवा. कुणावर रागावणार नाही, फक्त कुठून शोधायला लागायचं ते कळू दे.

ते साऱ्या जगात फक्त तीन माणसांना ठाऊक होतं.

मी आधी आईला फोन केला. गुहागरला संध्याकाळ झाली होती. तिच्यामागे तिचा समुद्र ऐकू येत होता. मी फोटोचं सांगितलं.  ती म्हणाली की ती वाटी तिला अजून दिसते, अंथरूण घालताना. मी म्हणालो, तुझी काही चूक नाही. ती थोडी चिडली.

"चूक कुणाची ते मग बघू. त्याला माझं नाव सांग. पिशवी माझी होती म्हणून सांग. पण सांग."

फोन ठेवून वळलो तर दारात सई उभी होती. आता ती दहा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती इथल्या मुलांसारखं देते. तिने या दोन वर्षांत एकही पफिन काढलेला नाही आणि आम्ही कुणी तिला का म्हणून विचारलेलं नाही.  ती पलीकडच्या खुर्चीवर येऊन बसली आणि टेबलावरचा फोन तिने माझ्याकडे सरकवला.

इमॉनने दुसऱ्या रिंगलाच उचलला. तो बेटावरच होता, वाऱ्यात शब्द तुटत होते. मी नाव सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आलो होतो, आई होती सोबत, लहान मुलगी होती, असं सांगितलं. त्याला आठवेना. मग आठवलं. हो हो, मोठी कापडी बॅग, म्हणाला. आणि थांबला.

"तुमची बॅग तपासली होती ना?"

"नाही," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. गोधडी, पोट, कापसाची वाटी. पलीकडच्या टोकाचा दगडांचा ढीग, दोरीच्या डावीकडचं पहिलं बीळ. बोलताना मी सईकडे बघत नव्हतो. मी बोलायचा थांबलो तरी इमॉन बोलला नाही. तो आता "ग्रँड" म्हणेल, अशी मी वाट बघत होतो. इथली माणसं म्हणतात, घर जळालं तरी म्हणतात. तो म्हणाला नाही.

त्याच्या मौनामागे वारा होता आणि वाऱ्यामागे पक्षी. मी फोन कानाशी घट्ट दाबला. त्या दिवशी होडीतून ऐकला होता तो आवाज मला नीट आठवतो, हजारो गळ्यांचा. हा तेवढाच आहे की विरळ झाला आहे, ते मी ऐकून ठरवू बघत होतो. मला ठरवता आलं नाही. एक पक्षी ओरडायचा, मग मध्ये नुसता वारा, मग दुसरा.

"शनिवारी सकाळी या," अखेर तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण त्याला एकदम वय आल्यासारखं वाटलं. "जागा दाखवा. मुलीला यायचं असेल तर तिलाही आणा."

मी विचारलं, येताना काय आणू, सापळे, मेण, काही लागेल का.

"काही नको," इमॉन म्हणाला. "रिकाम्या हाताने या."